दारातले बूट

॥ श्री ॥

पोर्टलीश, आयर्लंड
सोमवार, १६ सप्टेंबर २०२४

चि. प्रमोदिनीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप पोचलो. आज बारा दिवस झाले. विमानात पाय सुजले होते, ते उतरले. बी.पी.ची गोळी इथल्या वेळेला कधी घ्यायची ते कळेना, म्हणून दोन दिवस घड्याळ फलटणच्याच वेळेवर ठेवलं होतं. माझ्या पोरीने, रेवतीने, ते पाहिलं आणि काटे फिरवले.

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. बारा वर्षांत आपण बोललो नाही. तुझ्या वहिनीच्या दहाव्यालाही तू आलीस आणि माझ्याकडे न बघता गेलीस. माझा फोन तू उचलत नाहीस. पण कागदावर लिहिलेलं काही तपासल्याशिवाय तुला खाली ठेवता येत नाही, एवढं मला माहीत आहे. शेवटी मास्तरीणच तू. चुका दिसल्या तर लाल शाईने खुणा कर.

पत्राला कारण एकच आहे आणि ते भीत भीत लिहितो. रेवती पुन्हा शिकायला लागली आहे. हॉस्पिटलात रक्त तपासतात त्या प्रयोगशाळेच्या कामाचा अभ्यासक्रम आहे. कॉलेज बसने पाऊण तासावर. आठवड्यातून चार दिवस जाते. इथं पोर्टलीशला मोठं हॉस्पिटल आहे, पुढं तिथं लागावं असं तिच्या मनात आहे. तिची ईशा आठ वर्षांची झाली. तिला शाळेतून आणायला सुरुवातीला कुणी तरी घरचं हवं, म्हणून मला बोलावून घेतलं. नव्वद दिवसांची परवानगी आहे. दोन डिसेंबरला परत निघायचं. रस्ता ओलांडताना गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने येतात हे एक बरं आहे. बाकी दर वेळी दोन्हीकडे दोनदा बघतो.

इथं लहान मूल असलेल्या आईला सरकार काही मदत देतं. सगळ्यांना नाही, काहींना. मूल सात वर्षांचं झालं की कचेरी विचारते, आता पुढं काय? ते चौदाचं होईपर्यंत पूर्ण वेळ नोकरी शोधलीच पाहिजे असं नाही, पण कचेरीने बोलावलं की जायचं, आपली काही हालचाल चालली आहे हे दाखवायचं. रेवतीने कॉलेजचा कागद दाखवला. तिथली बाई म्हणाली, हे चालेल. म्हणजे शिकणं हेच तिचं काम धरलं. मी रेवतीला दोनदा विचारलं, नक्की असंच म्हणाली का. एकतीस वर्षं तहसील कचेरीत शिपाई होतो. तू शिकत बस, आम्ही बघतो, असं कुठल्या कचेरीने कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नाही. मला तर सातवीतून काढलं ते काम करायला.

आता मागणं. तिची बारावीची आणि बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची गुणपत्रिका तुझ्याकडे आहे. आपलं भांडण झालं त्या दिवशी तू कपाटातून काढून घेऊन गेलीस. का नेलीस त्यात मी शिरत नाही. कॉलेज ते कागद मागतं आहे. नीट पुठ्ठ्यात घालून पाठव. मागे पत्ता रेवतीकडून लिहून घेतला आहे, माझ्या अक्षरावर पोस्टमनचा विश्वास बसायचा नाही.

जावई आलोकराव कामात असतात. कंपनीची फिरती फार. काल इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला गेलो तेव्हा सगळ्यांनी चौकशी केली, मी तेच सांगितलं. रेवतीची मैत्रीण वैदेही ॲडम्सटाउनहून आली होती, तिने मला मोदक दोनदा वाढले.

घर लहान पण उबदार आहे. दारात बायकांच्याच चपला दिसत होत्या, ते बरं वाटेना. आलोकरावांचे काळे बूट जिन्याखालच्या कपाटात पडले होते. ते काढले, पॉलिश केले आणि दारात मांडले. रेवती बघून पुढे गेली. थंडी वाढेल म्हणतात. तू गुडघ्यांना जप.

तुझा
दादा


॥ श्री ॥

पोर्टलीश
रविवार, २७ ऑक्टोबर २०२४

चि. प्रमोदिनीस,
आशीर्वाद.

कागद शुक्रवारी मिळाले. बारा वर्षांत एक कोपरा दुमडला नाहीस. रेवतीने बारावीचे रसायनशास्त्राचे गुण बघितले आणि कागद लगेच कॉलेजच्या पिशवीत ठेवले.

तुझी चिठ्ठीही मिळाली. एकच ओळ. “जावयाचं नीट लिहिलं नाहीस.” शिक्षा दिल्यासारखी ओळ आहे, पण बारा वर्षांनी आली म्हणून घडी करून पाकिटात ठेवली आहे.

तर नीट लिहितो. आलोकराव या घरात राहत नाहीत. दोन वर्षं झाली. डब्लिनला ब्युमॉन्टच्या बाजूला दुसरं घर केलं आहे. त्या घरात ते एकटे नाहीत. इथून तिथवर फार अंतर नाही, पण ईस्टरनंतर ते ईशाला भेटायला आलेले नाहीत. रेवतीने मला हे फोनवर दीड वर्षापूर्वी सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, कुणाला सांगू नकोस. तिने खरंच आपल्याकडे कुणाला सांगितलं नाही. मीच फलटणभर सांगत राहिलो की जावई फिरतीवर असतात. सरकारची मदत मिळते ती एकट्या आईला. मागच्या पत्रात ‘काहींना’ असं लिहिलं होतं ते हेच.

आता पुढचं. हे लिहायला तीन दिवस लागले. मधे दोनदा चहा करून प्यायलो.

नऊ तारखेला, बुधवारी, दुपारी दारावर एक बाई आली. साधा निळा कोट, गळ्यात ओळखपत्र. कचेरीकडून अशी अधूनमधून चौकशी होते हे मला ठाऊक नव्हतं. रेवती कॉलेजात होती. मी नुकतंच ईशाला शाळेतून आणून वर पाठवलं होतं. बाईने रेवतीचं नाव घेतलं. मी दार पूर्ण उघडलं आणि सवयीने ताठ उभा राहिलो. साहेब दारात आला की शिपायाने काय करायचं ते अंगात भिनलेलं असतं. बसायला द्यायचं, पाणी द्यायचं, आणि घरातली अडचण साहेबाच्या कानावर जाऊ द्यायची नाही.

तिने बसायला नको म्हटलं. हसत बोलत होती, फार सभ्य. माझं इंग्रजी तुला माहीत आहे. कळतं निम्मं आणि बोलता येतं पाव. तिची नजर दारातल्या बुटांवर गेली. माझ्या पायांकडे बघितलं, पुन्हा बुटांकडे. ते नऊ नंबरचे, माझा पाय सहाचा. कुणाचे, म्हणून विचारलं. मी म्हणालो, “हर हजबंड. ऑफिस गो. इव्हनिंग कम.” तिने पुन्हा विचारलं, इथंच राहतात का? मी म्हणालो, “येस येस, ऑलवेज.”

तिने वहीत लिहिलं, आभार मानले आणि गेली. मला वाटलं, बरं झालं. परक्या माणसासमोर पोरीची लाज राखली.

तुला हे वेड्यासारखं वाटणार नाही, म्हणून तुलाच लिहितो. तुला नोकरी लागली तेव्हा त्या डोंगरातल्या शाळेवर सोडायला मी आलो होतो. गावाबाहेरची एक खोली, तू एकटी. निघताना माझ्या जुन्या चपला तुझ्या दारात काढून ठेवल्या आणि अनवाणी एस.टी.त बसलो. बाईमाणूस एकटं असलं की दारात पुरुषाचं पायताण हवं, बघणारा दोनदा विचार करतो. आईने शिकवलेलं. मी इथं तेच केलं. फक्त इथं ते उलटं पडलं.

आठवड्याने कचेरीचं पत्र आलं. वर इथल्या सरकारचं वीणेसारखं चिन्ह असलेलं पाकीट. घरात नवरा राहतो असं समजल्यामुळे चौकशी पूर्ण होईपर्यंत मदत थांबवली आहे, म्हणणं मांडायचं असेल तर मांडा. रेवती स्वयंपाकघरात उभ्याने वाचत होती. मला कळलं की काही तरी माझ्याकडून झालं आहे, म्हणून विचारलं. तिने वाचून दाखवलं, मराठीत करून. मग मला विचारलं, आणि मी सांगितलं.

ती ओरडली नाही. फरसबी चिरत होती, ती चिरून संपवली. मग म्हणाली, “बाबा, माझं शिक्षण हे दुसऱ्यांदा तुमच्या हातून सुटतंय.”



मदत थांबल्यावर कॉलेज चालू ठेवता येत नाही. एका मोठ्या गोदामात पूर्ण वेळ काम आहे, सकाळी सहाची पाळी. त्याचा अर्ज तिने भरून ठेवला आहे, फक्त तारीख घालायची बाकी. फ्रिजवर लोहचुंबकाने लावला आहे. पाणी प्यायला गेलो की तो दिसतो. कॉलेजला अजून जाते आहे. म्हणते, फार तर नोव्हेंबरअखेरपर्यंत वाट बघीन. भाड्याचे कागद तिच्या एकटीच्या नावावर आहेत, ते तिने कचेरीला दिले. आलोकरावांकडून त्यांच्या नव्या पत्त्याचा पुरावा मागवायचा आहे. तो फोन करायला ती बाहेर अंगणात गेली. थंडीत बराच वेळ उभी होती. ते तिला सगळ्यात जड गेलं.

आणि तिसरा कागद माझ्याकडून हवा. माझ्या हाताने लिहिलेला, मी काय बोललो आणि का बोललो.

चार कागद फाडून झाले. चुका केल्या तर लाल शाई लावतेस, इथं कुठं लावशील ते सांग.

परवापासून दिवाळी. ईशासाठी कंदील करतो आहे, कामट्या मिळत नाहीत, वैदेहीने पुठ्ठा आणून दिला.

तुझा
दादा


॥ श्री ॥

पोर्टलीश
गुरुवार, २८ नोव्हेंबर २०२४

चि. प्रमोदिनीस,
आशीर्वाद.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. सोमवारी निघतो आहे, पोस्टापेक्षा मीच आधी पोचेन. कोटाच्या आतल्या खिशात ठेवून सांगलीला तुझ्याकडे घेऊन येतो.

जबाब लिहिला. मराठीतच लिहिला, मला दुसरं काय येतं. रेवतीने तो इंग्रजीत करायला नकार दिला. म्हणाली, माझ्यासाठी दिलेला जबाब मीच भाषांतर केला तर त्याला काय किंमत. मग वैदेहीला बोलवावं लागलं. म्हणजे मंडळातल्या ज्या मुलीला मी मोदक खाता खाता जावयाची फिरती रंगवून सांगितली होती, तिच्याच हातात हा कागद द्यायचा. रेवतीला म्हटलं, पैसे देऊन करून देणारा कुणी परका नाही का? ती म्हणाली, आहे, पण वैदेही येते आहे.

वैदेही रविवारच्या गाडीने आली. मी तिला बसवलं आणि आधी तोंडाने सांगितलं, कागद नंतर दिला. तिने शांत ऐकून घेतलं. म्हणाली, “काका, आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. गणपतीत तुम्ही इतकं मनापासून सांगत होतात, म्हणून आम्ही माना हलवत होतो.”

मला आधी राग आला, मग हसू आलं. तीस-चाळीस माणसं मोदक खाताना माझ्यासाठी माना हलवत होती.

जबाब लहान आहे. मी बाळासाहेब, वय एकोणसत्तर, सातवी पास, रेवतीचा बाप. माझ्या मुलीचा नवरा या घरात दोन वर्षांपासून राहत नाही. मी तुमच्या बाईंना खोटं सांगितलं. मुलीने तसं सांगायला सांगितलेलं नाही, तिला माहीतही नव्हतं. बूट मी कपाटातून काढून दारात ठेवले. मुलगी एकटी आहे याची मला लाज वाटत होती. यात लाज तिची काही नाही, माझी आहे.

शेवटचं वाक्य वैदेहीने मला पुन्हा वाचून दाखवलं आणि विचारलं, हे ठेवायचं ना, काका? मी म्हणालो, ठेव.

पुढच्या मंगळवारी रेवतीबरोबर कचेरीत गेलो. तीच निळ्या कोटाची बाई होती. मी उभाच राहिलो, तिने खुर्ची ओढून दिली. कागद वाचला, मधे एकदा माझ्याकडे बघितलं. सही दाखवून विचारलं, ही तुमचीच? तिच्यासमोर पुन्हा सही केली. मग म्हणाली, ग्रँड. इथं चहा चांगला झाला तरी ग्रँड म्हणतात आणि पाऊस थांबला तरी ग्रँड. मला त्यातून काही कळेना, बाहेर येऊन रेवतीला विचारलं की म्हणजे झालं की नाही. ती म्हणाली, कळवतील.

परवा पाकीट आलं. चौकशी संपली. मदत पुन्हा चालू, शिक्षण चालू ठेवायला हरकत नाही, कॉलेजने हजेरीचा कागद मात्र द्यावा. रेवतीने ते दोनदा वाचलं. मग फ्रिजवरचा गोदामाचा अर्ज काढला. मला वाटलं, फाडते. फाडला नाही. उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर परीक्षेचं वेळापत्रक लिहून परत लावला. पहिला पेपर रसायनाचा आहे.

इथंवर लिहून काल मी सही करणार होतो. पण तू म्हणशील, अजून काही तरी राहिलं आहे. राहिलं आहे.

त्या बुधवारी बाई गेल्यावर मी दार लावून वळलो, तर ईशा जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेली. सगळं ऐकलं होतं. पोरगी मराठी समजते, बोलते इंग्रजीत. तिने विचारलं, “आजोबा, डॅडी संध्याकाळी येणार आहे?”

खरं सांगायला तेवढा एक क्षण होता. मी म्हणालो, बघू.

तिने शाळेचा गणवेश बदलून पिवळा फ्रॉक घातला. समोरच्या खिडकीत खुर्ची ओढून बसली. मी दूध दिलं, ते तिथंच प्यायली. एकेक गाडी वळताना मान लांब करायची. सहा वाजता रेवती आली तेव्हाही ती खिडकीतच होती. आई विचारत राहिली, कुणाची वाट बघतेस. ईशाने माझ्याकडे बघितलं आणि कुणाची नाही म्हणाली. आठ वर्षांच्या पोरीने माझी लाज राखली, प्रमो. खोटं कसं बोलायचं ते माझ्याकडून शिकली, आणि पहिल्यांदा वापरलं ते माझ्यासाठीच.

हे मी जबाबात लिहिलेलं नाही. कचेरीला त्याचं काय. पण कचेरीतून परत आल्या दिवशी ईशाजवळ बसलो आणि सांगितलं, तुझे डॅडी त्या दिवशी येणार नव्हते, आजोबा खोटं बोलले, ते आजोबांनी चुकीचं केलं. ती थोडा वेळ बुटांची नाडी बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, आय नो. मग आम्ही दोघांनी ते बूट पिशवीत घालून जुने कपडे घेणाऱ्या दुकानात देऊन टाकले. पिशवी तिने धरली होती. येताना पाऊस होता, पण तिला चालतच यायचं होतं.

आता तुझं.

बारा वर्षांपूर्वी तू फलटणला येऊन म्हणालीस, रेवतीचं दीड वर्ष राहिलं आहे, तेवढं पुरं होऊ दे, स्थळ कुठं पळून जात नाही. मी म्हणालो, तू शिकून काय मिळवलंस, एकटीच राहिलीस ना. आणि वर म्हणालो की मी सातवीत पाटी ठेवली म्हणून तू शिकलीस. दोन्ही वाक्यं चारचौघांत म्हणालो. दुसरं खरं होतं, पण ते बोलून दाखवायचं नव्हतं. आपल्या वडिलांच्या मागे मी कामाला लागलो तो तू शिकावंस म्हणूनच, आणि तू शिकलीस याचा मला आयुष्यभर आनंद होता. हे तुला एकदाही सांगितलं नाही. पहिलं वाक्य मात्र नुसतंच वाईट होतं. माझी पोर आज एकटी आहे, तिला शिकताना समोर बघतो आहे, आणि आता मला कळतं की मी तेव्हा कशाला नावं ठेवत होतो. एकटं राहणं ही हार आहे असं मला वाटायचं. सकाळी सव्वासातला पोळ्या करून, ईशाची वेणी घालून, वही बगलेत मारून बस पकडायला धावणारी रेवती बघितली की तसं वाटत नाही.

फलटणला पोचल्यावर विचारतील, जावई कसे आहेत. सांगेन, रेवती शिकते आहे. मग पुढचंही सांगेन.

मंगळवारी मुंबई, बुधवारी दुपारपर्यंत सांगली. हे पत्र तुझ्या दाराच्या फटीतून आत सारेन आणि समोरच्या बाकावर बसेन. तू सावकाश वाच. मी पाण्याची बाटली आणली असेल, गोळीही घेतलेली असेल, त्याची काळजी नको.

माझ्या त्या जुन्या चपला तुझ्या दारात अजून असतील तर टाकून दे. त्यांचं काम संपलं. दार उघडलंस तर पायातल्या तिथं काढून ठेवीन, आणि निघताना घालून जाईन.

बाकावर बसलेला,
दादा